आपला संगणक कोणत्या आवृत्तीवर चालतो? ओळखा, नोंदवा, मग ठरवा



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार थांबवला. त्यानंतर गावोगावच्या शाळांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. संगणक कक्षातले सगळे संगणक आता बदलायचे का? काही जण म्हणतात, बदलायलाच हवेत. काही जण म्हणतात, चालतात तोवर चालू द्या. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्रत्येक संगणकावर नेमकी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची कितवी आवृत्ती आहे, हे आधी पाहिले पाहिजे. पाहायला एका संगणकास एक मिनिटही लागत नाही. पाचवीचा विद्यार्थीसुद्धा हे काम करू शकतो. या पाठात आपण ते शिकू आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या, मराठी व कन्नड दोन्ही लिपी वापरणाऱ्या शाळेला त्याची विशेष गरज का आहे, तेही पाहू.

१. आवृत्ती म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे हार्डवेअर. त्यावर आपण जी कामे करतो, उदाहरणार्थ पत्र टाईप करणे, चित्र काढणे, हिशोब ठेवणे, ती कामे करणारे प्रोग्राम वेगळे. या दोघांच्या मध्ये बसून सर्व कारभार पाहणारा मोठा प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कळफलकावर बोट पडले की कोणते अक्षर उमटवायचे, फाईल कुठे ठेवायची, प्रिंटरला कागद कधी ओढायला सांगायचा, हे सारे तीच ठरवते. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीमची नावे आहेत.

आता पाठ्यपुस्तकाचे उदाहरण घ्या. पुस्तकाच्या आतल्या पानावर तीन गोष्टी छापलेल्या असतात. पुस्तकाचे नाव, आवृत्ती कितवी आणि पुनर्मुद्रण कोणत्या वर्षाचे. नाव तेच असले तरी नव्या आवृत्तीत धडे बदललेले असतात. पुनर्मुद्रणात धडे तेच राहतात, पण छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात. मोठ्या भावाचे जुने पुस्तक घेऊन वर्गात बसलेल्या मुलाला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

ऑपरेटिंग सिस्टीमचेही असेच आहे. तिच्या तीन खुणा लक्षात ठेवा.

नाव: उदाहरणार्थ विंडोज १०.
आवृत्ती किंवा व्हर्जन: उदाहरणार्थ २२ एच २.
बिल्ड क्रमांक: उदाहरणार्थ १९०४५.

या तिन्ही खुणा एकत्र पाहिल्या तरच ओळख पूर्ण होते. एकट्या नावावर भागत नाही, हे पुढे दिसेलच.

२. विंडोजच्या संगणकावर कसे पाहावे?

सर्वांत सोपी रीत अशी. कळफलकावर खाली डावीकडे खिडकीचे चित्र असलेली कळ असते. ती दाबून धरा आणि आर हे अक्षर दाबा. रन नावाची छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे जागा न सोडता टाईप करा आणि एंटर दाबा. समोर येणाऱ्या चौकटीत वर विंडोजचे नाव व त्याखाली व्हर्जन आणि बिल्ड लिहिलेले असते. ही रीत जुन्या एक्सपीपासून आजच्या विंडोज ११ पर्यंत सर्वत्र चालते.

अधिक माहिती हवी असल्यास विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, सिस्टीमवर क्लिक करा आणि शेवटच्या अबाऊटवर जा. तिथे प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि संगणक ३२ बिटचा की ६४ बिटचा, हेही दिसते. विंडोज ७ असल्यास स्टार्टमध्ये जाऊन कॉम्प्युटर या शब्दावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि प्रॉपर्टीज निवडा.

हे पाहताना काहीही बिघडत नाही. आपण फक्त वाचत असतो. म्हणून मुलांनी घाबरू नये.

३. कुठे फसगत होते?

पहिली फसगत स्टिकरची. सीपीयूच्या डब्यावर किंवा लॅपटॉपच्या खाली विंडोज ७ चे स्टिकर चिकटवलेले असते. ते संगणक कारखान्यातून निघाला तेव्हाचे असते. पुढे कोणी विंडोज १० टाकले असेल तर स्टिकर बदलत नाही. स्टिकरवरून यादी करू नये.

दुसरी फसगत ऑफिसची. 'आमच्याकडे २०१० आहे' असे कोणी सांगितले तर ते बहुधा मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे वर्ष असते. वर्ड, एक्सेल असलेले ऑफिस हा ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा एक प्रोग्राम आहे. त्याची आवृत्ती वेगळी, विंडोजची वेगळी. क्रोमसारख्या ब्राउझरचेही तसेच.

तिसरी फसगत स्वतः विंडोज करते. काळ्या पडद्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये व्ही, ई, आर ही तीन अक्षरे टाईप केली की आतला क्रमांक दिसतो. हा आतला क्रमांक बाहेरच्या नावाशी जुळतोच असे नाही.

विंडोज २००० चा आतला क्रमांक ५.०
विंडोज एक्सपीचा ५.१
विंडोज व्हिस्टाचा ६.०
विंडोज ७ चा ६.१
विंडोज ८ चा ६.२
विंडोज ८.१ चा ६.३
विंडोज १० चा १०.०
आणि विंडोज ११ चाही १०.० च!

मग १० आणि ११ यांतला फरक कसा ओळखावा? बिल्ड क्रमांकावरून. बिल्ड २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११, त्याहून लहान असेल तर विंडोज १०.

चौथी फसगत याहून बारीक आहे. २२ एच २ म्हणजे २०२२ सालच्या दुसऱ्या सहामाहीची आवृत्ती. पण या नावाची आवृत्ती विंडोज १० चीही आहे आणि विंडोज ११ चीही. नुसते २२ एच २ असे वहीत लिहून ठेवले तर महिन्याभराने कोणालाच काही सांगता येणार नाही. शेजारी १९०४५ लिहिले असेल तर ते विंडोज १० आणि २२६२१ लिहिले असेल तर विंडोज ११. तिन्ही खुणा लिहाव्यात, असे वर सांगितले ते यासाठीच.

४. लिनक्स आणि मोबाईल

लिनक्स ही खुली व विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचे अनेक प्रकार आहेत. उबंटू हा त्यांपैकी प्रसिद्ध प्रकार. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेला बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, हाही लिनक्सचाच प्रकार असून त्यात भारतीय भाषांची सोय आहे. लिनक्सच्या संगणकावर साधारणपणे सेटिंग्जमधील अबाऊटमध्ये नाव व आवृत्ती मिळते. तिथे न मिळाल्यास टर्मिनल उघडून लहान इंग्रजी अक्षरांत सीएटी, एक जागा, तिरकी रेघ, ईटीसी, पुन्हा तिरकी रेघ, ओएस, छोटी आडवी रेघ, रिलीज असे टाईप करावे. उबंटूचा क्रमांक वाचायला फार सोपा आहे. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना, एप्रिल. मात्र लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, क्रमांक वेगळा असतो. उबंटूच्या किंवा बॉसच्या क्रमांकाच्या जागी तो लिहू नये.

घरोघरी मोबाईल आहे, म्हणून पालकांनीही हा पाठ करून पाहावा. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये अगदी शेवटी अबाऊट फोन असते. तिथे अँड्रॉइड व्हर्जन ही ओळ शोधा. जवळच कंपनीच्या सजावटीची आवृत्तीही लिहिलेली असते, जसे सॅमसंगचे वन यूआय. ती वेगळी. आपल्याला अँड्रॉइडचा आकडा हवा. त्याबरोबर सिक्युरिटी अपडेट नावाची तारीख असते. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनमधल्या फटी तेवढ्या काळात बुजवल्या गेलेल्या नाहीत, असे समजावे. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करताना जपावे. आवृत्ती फारच जुनी असेल तर ॲपही चालेनासे होते. २०२५ च्या आरंभी व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वरील सेवा बंद केली. शाळेचा निरोप एखाद्या घरी पोहोचला नाही तर दर वेळी नेटवर्कला दोष देऊन चालणार नाही.

५. आपली अक्षरे कोणत्या आवृत्तीत आली?

आता या पाठाचा आपल्यासाठी सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. खजुरी, आळंद, बसवकल्याण, भालकी या भागांत आपण मराठी बोलतो आणि कन्नडही लिहितो-वाचतो. शाळेच्या कागदपत्रांत दोन्ही लिपी लागतात. दहावीनंतर आपली मुले कलबुर्गीला जातात, तशी उमरगा, सोलापूर, लातूरलाही जातात. इथे टाईप केलेला कागद तिथे वाचता आला पाहिजे. तो वाचता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्तीवर ठरत आले आहे.

डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी येतच नव्हती. सी-डॅकने जिस्ट कार्ड तयार केले. हे कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिपी उमटत असे. म्हणजे लिपीसाठी वेगळे यंत्रच विकत घ्यावे लागे.

पुढे विंडोज आली आणि फॉन्टचा मार्ग निघाला. मराठीसाठी श्रीलिपी, हिंदीसाठी कृतिदेव, कन्नडसाठी नुडी, बरहा अशी नावे सर्वांच्या परिचयाची झाली. त्या वेळच्या या फॉन्टची युक्ती अशी होती की, संगणकाच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरे व चिन्हेच असत. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे किंवा कन्नडचे चित्र दाखवी. म्हणून तीच फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. आजही जुन्या फाईली उघडताना हा अनुभव येतो.

यावर खरा उपाय म्हणजे युनिकोड. युनिकोडमध्ये जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी आणि कन्नड दोन्हींना जागा मिळाली. पण क्रमांक मिळणे वेगळे आणि संगणकाला ते अक्षर काढता येणे वेगळे. जोडाक्षर कसे जोडायचे, वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी आणायची, रफार कुठे बसवायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीमला शिकवावे लागते.

ते शिक्षण कसे झाले, याचा क्रम पाहा.

विंडोज २०००, सन २०००: हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ या भाषांची सोय प्रथम आली. मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यात होता. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला. जोशी हे सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतील प्राध्यापक होते. मात्र कन्नड या आवृत्तीत नव्हती.

विंडोज एक्सपी, सन २००१: कन्नड आली. तिच्यासाठी तुंगा हा फॉन्ट दिला गेला. तेलुगू, गुजराती आणि गुरुमुखीही याच वेळी आल्या. पण ही सोय आपोआप सुरू नसे. कंट्रोल पॅनलमधील रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन खूण करावी लागे आणि बहुधा विंडोजची सीडी घालावी लागे.

विंडोज व्हिस्टा, सन २००७: सोय आपोआप सुरू झाली. सीडीची गरज उरली नाही.

विंडोज ८, सन २०१२: निर्मला यूआय हा एकच फॉन्ट आला. त्यात देवनागरी, कन्नड आणि इतर भारतीय लिपी एकत्र आहेत.

विंडोज १०, व्हर्जन १९०३, सन २०१९: मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांसाठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच मिळाला. इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाईप केले की मराठी शब्द उमटतो. दुसरा प्रोग्राम टाकावा लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. दोन संगणकांवर विंडोज १० हेच नाव असते. एकावर फोनेटिक कळफलक सापडतो, दुसऱ्यावर सापडत नाही. शिक्षकाला वाटते, दुसरा संगणक बिघडला. वास्तविक एकावर १९०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे आणि दुसऱ्यावर त्याआधीची. नावामागचा आकडा पाहिला असता तर अर्धा तास वाचला असता.

आणखी दोन चिन्हे पाहा. ॲ हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. ₹ हे रुपयाचे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांची ही रचना. २००१ सालच्या एक्सपीच्या मूळ फॉन्टमध्ये ही दोन्ही चिन्हे असणे शक्यच नव्हते. तिथे रिकामा चौकोन दिसतो. विंडोज ७ लाही रुपयाचे चिन्ह नंतरच्या अपडेटने मिळाले. फीच्या पावतीवर रकमेआधी चौकोन छापला गेला तर त्याचे कारण इथे शोधावे.

परंतु प्रत्येक चूक आवृत्तीच्या माथी मारू नये. 'शेतकऱ्यांची' या शब्दात अर्ध्या र ऐवजी रफार आला, तर तो टाईप करणाऱ्याचा दोष असू शकतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर जे या कळेवर र असतो आणि शिफ्टसह जे दाबल्यास नुक्त्याचा ऱ मिळतो. इथे तोच वापरायचा असतो. आधी आपले बोट तपासा, मग यंत्र.

६. आधार संपला म्हणजे काय होते?

आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. म्हणूनच धोका लक्षात येत नाही. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फटी राहतात. त्या सापडतील तशा कंपनी बुजवत जाते आणि ती दुरुस्ती अपडेटच्या रूपाने पाठवते. आधार संपला की नवी फट सापडली तरी दुरुस्ती येत नाही.

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ब्राउझरही मागोमाग साथ सोडतात. २०२३ च्या आरंभापासून गुगल क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत.

याचे परिणाम काय होतात, ते २०१७ साली दिसले. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. तो फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे खोळंबली. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांच्या काही संगणकांना तो लागला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट कंपनीने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिले होते. विंडोज ७ चा आधार त्या वेळी चालूच होता, तरीही अपडेट न घेतलेले विंडोज ७ चे असंख्य संगणक बाधित झाले. यावरून समजते की केवळ नाव नवे असून उपयोग नाही, अपडेटही घेतलेले पाहिजे. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, दुसरा विषाणू पसरला. त्याच्या मार्गांपैकी एक हीच फट होती. त्यामुळे मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले.

शाळेत बंदरासारखा माल नसतो, पण मुलांच्या जन्मतारखा, पालकांचे मोबाईल क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खात्याचे आणि आधारचे क्रमांक असतात. हे सर्व पालकांनी विश्वासाने शाळेकडे सोपवलेले असते. त्याची राखण करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

७. नोंदवही करा, मग निर्णय घ्या

माझी विश्वस्त मंडळींना विनंती अशी की, खरेदीचा किंवा मोडीत काढण्याचा ठराव करण्यापूर्वी संगणकांची नोंदवही समोर ठेवावी. एका संगणकाला एक ओळ. रकाने असे: संगणकाचा क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव, व्हर्जन, बिल्ड, ३२ की ६४ बिट, रॅम, शेवटचे अपडेट कधी, इंटरनेट जोडलेले आहे का, त्यात जुन्या फॉन्टच्या फाईली आहेत का, आणि पाहिल्याची तारीख. आठवी-नववीच्या मुलांच्या जोड्या करून हे काम एका तासिकेत पूर्ण होईल.

ही यादी झाली की संगणक चार गटांत विभागतात.

पहिला गट, विंडोज ११ असलेले: यांना फक्त अपडेट चालू ठेवावे.

दुसरा गट, विंडोज १० असलेले आणि ११ पेलू शकणारे: विंडोज ११ साठी ६४ बिटचा, कंपनीच्या यादीतील प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्राम हे तपासून सांगतो. अधिकृत विंडोज १० असेल तर ११ साठी वेगळे पैसे लागत नाहीत. म्हणजे या गटासाठी नवीन संगणक घेण्याचे कारणच नाही.

तिसरा गट, विंडोज १० असलेले पण ११ न पेलणारे: घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. संस्थांसाठी वर्षागणिक पैसे भरण्याची वेगळी योजना आहे. दुसरा मार्ग लिनक्सचा. उबंटू किंवा बॉस टाकल्यास तोच संगणक आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतो. आधी एकाच संगणकावर टाकून पाहावे. प्रिंटर चालतो का, मराठी व कन्नड टाईप होते का, हे पडताळून मग पुढे जावे.

चौथा गट, विंडोज ७, एक्सपी किंवा त्याहून जुने: यांची इंटरनेटची वायर काढावी. कार्यालयाची कोणतीही माहिती यांवर ठेवू नये. लहान मुलांना टायपिंग आणि माऊसचा सराव करण्यासाठी ते अजून उपयोगी आहेत. यांना लावलेला पेन ड्राइव्ह कार्यालयाच्या संगणकाला लावू नये.

चौथ्या गटाबाबत एक सूचना कळकळीने करतो. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील मराठी आणि कन्नड फाईली पाहा. जुन्या हजेरीपत्रकांच्या नोंदी, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाचे अहवाल, वार्तापत्राचे मागील अंक जुन्या फॉन्टमध्ये असू शकतात. ते वाचू शकणारा फॉन्ट कदाचित त्याच एका संगणकावर उरला असेल. अशा फाईली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या आणि एक छापील प्रतही काढून ठेवावी. रूपांतरानंतर नावे पुन्हा वाचून पाहावीत. जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत चुका राहतात. मुलाच्या दाखल्यावरचे नाव एका अक्षराने चुकले तर सीमेपलीकडच्या कॉलेजात त्याला किती खेटे घालावे लागतात, हे पालकांना सांगायला नको.

८. स्वाध्याय

(१) एका संगणकावर व्हर्जन २२ एच २, बिल्ड १९०४५ असे दिसले. ही कोणती विंडोज?
(२) कमांड प्रॉम्प्टमध्ये १०.० आणि बिल्ड २६१०० असे दिसले. ही कोणती विंडोज?
(३) डब्यावर विंडोज ८ चे स्टिकर आहे, पण आतला क्रमांक ६.१ आहे. नोंदवहीत काय लिहाल?
(४) उबंटू २२.०४ कोणत्या वर्षी आणि कोणत्या महिन्यात आले?
(५) विंडोज २००० मध्ये मराठी होती. कन्नडसाठी कोणत्या आवृत्तीची वाट पाहावी लागली?
(६) घरातील प्रत्येक मोबाईलची अँड्रॉइड आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहून वहीत लिहा. आजी-आजोबांच्या फोनची नोंद विसरू नका.
(७) एका संगणकावर ॲ, ₹, 'शेतकऱ्यांची' आणि आपले नाव कन्नड लिपीत टाईप करा. काय नीट उमटले आणि काय नाही, ते लिहा.

उत्तरे: (१) विंडोज १०. (२) विंडोज ११. (३) विंडोज ७. (४) २०२२, एप्रिल. (५) विंडोज एक्सपी.

सहावा आणि सातवा प्रश्न ज्याने-त्याने स्वतः करून पाहावा. मुलांनी आपल्या वह्या संगणक तासिकेला आणाव्यात, म्हणजे त्यांवरूनच नोंदवहीची पहिली पाने भरता येतील.

– प्राचार्य